राक्षसाचा हिरवा

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग होता. डोळ्याच्या खालच्या कडेपासून जबड्यापर्यंत, तळहाताएवढा. रंग जांभळासारखा, पण पिकलेल्या नव्हे, अर्धकच्च्या जांभळासारखा. म्हणजे तांबडं जास्त आणि जांभळं कमी. हा फरक कुणाला फालतू वाटेल. मला वाटत नाही, कारण याच फरकावर माझं सगळं शहाणपण उभं होतं आणि त्या शहाणपणापायीच मी तिचं वाटोळं करायला निघालो होतो.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात लोक त्याला गिरानाचा डाग म्हणत. गिरान म्हणजे ग्रहण. पोटुशा बाईने ग्रहणात काही चिरलं की लेकराच्या अंगावर खूण उठते, असा तिकडे समज. आईने त्या दिवशी अंबाडीची भाजी चिरली, असं एका शेजारणीने कधीतरी उठवून दिलं आणि ते आईला आयुष्यभर चिकटलं. बाबा पंचायत समितीत शिपाई होते. धर्म बदलून बौद्ध झाल्यापासून त्यांनी नवस, अंगारे, उतारे सगळं घरातून झाडून काढलं होतं. ते आईला म्हणायचे, "गिरान म्हंजे सावली होय. सावलीनं कोनाले डाग पडते काय?" आई मान हलवायची. पण पोरगी समोरून गेली की तिची नजर आधी त्या गालावर जायची आणि मग स्वतःच्या हातांवर. हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. बाबांनी ते कधी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी अमरावतीहून चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून आलो होतो आणि रिसोडच्या एका शाळेत लागलो होतो. तिथे खोली करून राहायचो आणि शनिवारी एस.टी.ने घरी यायचो. बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि डोक्यात रंगचक्राशिवाय काही नव्हतं. तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. समोरासमोरचे दोन रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना चढवतात आणि एकमेकांत मिसळले तर दोघेही मरतात, मातकट होतात. बाजारात भाजी घेतानाही मी हेच बघत असे. वांग्याच्या ढिगाशेजारी लिंबं मांडणाऱ्या बाईला मी एकदा शाबासकी दिली होती. तिने मला वेड्यात काढलं.

चित्रकलेचा मास्तर म्हणजे गॅदरिंगला पोरांची तोंडं रंगवणार, हे शाळेत न विचारता ठरलेलं असायचं. माझ्या आधीचे मास्तर सगळ्यांना एकच सफेदा फासायचे. राजा असो की हुजऱ्या, सगळे गोरे. आमची पोरं उन्हातली, शेतातली. त्या सफेद्याखाली ती राख फासल्यासारखी निळसर, आजारी दिसायची आणि आईबाप टाळ्या वाजवायचे, कारण पोरगं गोरं झालं. मला त्याचा फार राग यायचा. सावळ्या कातडीत पिवळा असतो, तांबडा असतो. पांढरा दोघांनाही गिळून टाकतो. मी गेरू आणि पिवळी माती वस्त्रगाळ करून व्हॅसलिनमध्ये खलायचो आणि ज्याच्या त्याच्या कातडीचा रंग उजळायचो. अमरावतीहून रंगाच्या तेलकट कांड्याही आणल्या होत्या. त्यात एक हिरवी होती. ती फक्त राक्षसासाठी. शाळेत राक्षस वर्षातून एकदाच यायचा, त्यामुळे ती कांडी जवळपास नवीच राहिली होती.

बहीण मॅट्रिक होऊन मास्तरकीच्या कोर्सला लागली होती. आईच्या दूरच्या नात्यातले एक मामा होते, सोयरिकी जुळवायचा त्यांना नाद होता. त्यांनी स्थळ आणलं. रिसोडच्या पुढे दोन कोसांवरचं गाव, घरची थोडी शेती, मुलगा पोस्टात. त्याची आई लहानपणीच सोडून गेलेली, विधवा आत्याने वाढवलेला, आणि त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. आमच्या आईने भीत भीत गालाचं काढलं. तेव्हा मामा म्हणाले, "डागाचं तुमी नका मनावर घेऊ. ते मी पाहून घेतो."

पाहून घेतो. आमच्याकडे या दोन शब्दांत काहीही बसतं. आम्ही त्याचा अर्थ लावला की मामा गप्प राहणार. कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मीच त्यावर कडी केली. आईला म्हटलं, डाग दिसणारच नाही असं मी करून दाखवतो.

पुढच्या रविवारी दुपारी बहिणीला मागच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. आधी नुसता कातडीचा रंग थापून पाहिला. डाग त्यातून वर आला, उलट जखमेसारखा मळकट दिसू लागला. मग मी हिरवी कांडी काढली, तिच्यात चिमूटभर पिवळी माती खलली, कारण डागात जांभळ्याचा अंश होता आणि जांभळ्याला मारायला पिवळा लागतो. बोटाच्या टोकाने पातळ थर दिला.

"दादा, हा तं राक्षसाचा रंग होय ना?" ती म्हणाली. "माह्यासाठी हाच भेटला काय तुले?"

"चूप बस. बोललं की गाल हालते."

हिरवा आणि तांबडा एकमेकांत मेले. गालावर एक उदास, मातीसारखा रंग उरला, ना धड डाग ना धड कातडी. त्यावर गेरू आणि पिवळ्या मातीचा हात दिला, वरून पावडर दाबली. उजव्या गालाशी मिळवत मिळवत नेलं. आणि डाग गेला. खरंच गेला. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं. माझ्या हातून इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं. मला भयंकर अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिला आरसा दिला. तिने डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. मग आरसा पालथा ठेवला.

"आन लगन झाल्यावर? रोज सकाळी येशीन काय तू डबा घेऊन?"

"ते मंग पाहू," मी म्हणालो.

तेवढ्यात आई आत आली. तिच्या हातात तांदळाचं सूप होतं. तिने पोरीकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि तिथेच बसली. "अशीच असती ना रे माही पोरगी," ती म्हणाली आणि पदर तोंडात घालून रडली. वीस वर्षांचं रडणं होतं ते. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक हाये. लाव." ती माझ्यासाठी हो म्हणाली नव्हती, स्वतःसाठी तर नाहीच.

मग मला चेवच आला. आईने पाहुण्यांसाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, अजिबात नाही. हिरव्याशेजारी तांबडं ओरडतं. थराखालून जरासं डोकावलं तरी दिसेल. बदामी रंगाचं जुनं पातळ नेसवायचं ठरवलं. समोरच्या खोलीची भिंत निळसर चुन्याची होती. त्या भिंतीवरून येणारा उजेड तोंडाला प्रेतकळा आणतो, म्हणून मी एका शनिवारी पिवळी माती कालवून भिंत पोतारली. बाबा ऑफिसातून आले आणि दारातच थबकले.

"पाहुने भिंत पायले येऊन राह्यले का पोरगी?"

मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तोंडाले काय लावून राह्यला तू तिच्या? पावडरच ना?" मी हो म्हणालो. बाबांनी पुढे विचारलं नाही. सरळ माणूस, त्यांना पावडर आणि रंग यांतला फरक माहीत नव्हता.

पाहुणे चैत्रातल्या एका सकाळी आले. मुलगा, त्याचे वडील, आत्या आणि मामा. मी पहाटेच उठून बहिणीचा गाल तयार केला होता. दाराचा उजेड उजव्या गालावर पडेल आणि डावा भिंतीकडे राहील, अशी चटई मी स्वतः अंथरली. पोह्यांच्या बश्या गेल्या, चहा गेला, मग बहीण आली, नमस्कार केला आणि बरोबर त्या जागेवर बसली.

मामा डोळे फाडून तिच्याकडे पाहत राहिले. चहा त्यांच्या बशीतून धोतरावर सांडला. मला वाटलं, माझं काम पाहून गडी थक्क झाला.

मुलाच्या वडिलांनी शिक्षणाचं विचारलं, नोकरी करणार का ते विचारलं. बहिणीने नीट उत्तरं दिली. मुलगा खाली पाहत होता, चांगला वाटला. आत्या मात्र काही विचारत नव्हती. नऊवारी नेसलेली, पांढऱ्याफटक केसांची, हाडापेराने मोठी बाई. ती एकटक बहिणीच्या तोंडाकडे पाहत होती, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, जसं काही हरवलेलं शोधावं. मी मनात म्हटलं, शोध बाई, सापडणार नाही.

"इकडं ये माय," आत्या म्हणाली. "मले दुरून धड दिसत नाई. जवळ बस."

बहीण उठून तिच्यासमोर बसली. आत्याने तिची हनुवटी उचलली. पुष्कळ पाहिलं. मग तिचा चेहरा निवळला. पसंत पडली, हे मला कळलं. आणि पसंत पडल्यावर आमच्याकडची म्हातारी बाई जे करते तेच तिने केलं. दोन्ही तळहात बहिणीच्या दोन्ही गालांवरून वरून खाली फिरवले, ते स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

अलाबला. पोरीवरची सगळी इडापीडा मी घेतली, असा त्याचा अर्थ. माझ्या स्वतःच्या आईने, मावशीने, वस्तीतल्या प्रत्येक बाईने माझ्यावरून शेकडो वेळा घेतलेली. मी उजेडाचा विचार केला, भिंतीचा केला, लुगड्याचा केला. माया करणाऱ्या बाईचा हात गालाला लागतो, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

आत्याला स्वतःला काही दिसलं नव्हतं. ती हसत होती. तिच्या उजव्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांत हिरवट मातकट पट्टा उमटला होता.

"आत्या," मुलगा हळूच म्हणाला, "केसाले काय लागलं तुह्या?"

तिने हात समोर धरला. तळहातावर कातडीचा रंग आणि त्यात मिसळलेला हिरवा. मग तिने बहिणीकडे पाहिलं. गालावर मधोमध तीन बोटांची वाट पडली होती आणि त्या वाटेतून डाग दिसत होता.

आत्याने हात मांडीवर उताणा ठेवला.

"आमाले मध्यस्थानं सांगतलं होतं," ती बाबांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोरीच्या गालावर डाग हाये म्हनून. आमी सारं मालूम असून आलो, बापा. मीच म्हनलं, डागाचं काय घेऊन बसले, पोरगी शिकेल हाये, आपल्या घराले उजेड करीन. आत्ता पाह्यलं तं डागच नाई. मले वाटलं, माह्याच डोळ्याले दिसत नसन. मंग हे कायले केलं?"

मामांनी पाहून घेतलं होतं. त्यांनी खरं सांगून टाकलं होतं आणि आम्ही ते खोटं पाडलं होतं. मामा चटईकडे बघत म्हणाले, "म्या तं साफ सांगतलं होतं." आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबांना अजून काही उमगलं नव्हतं. ते पोरीच्या गालाकडे आणि त्या हाताकडे आळीपाळीने पाहत होते.

"कोनं लावलं हे?" आत्याने विचारलं.

मला उत्तर येत होतं. एका शब्दाचं उत्तर होतं. पण माझ्या मनात काय आलं ते सांगतो: मी शाळेत मास्तर आहे, रिसोडला मला लोक ओळखतात, बहिणीचं तोंड दंडारीच्या खेळातल्या नाच्यासारखं रंगवणारा भाऊ म्हणून हे गावोगाव जाईल. एवढं सगळं एका क्षणात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं की पोरीने स्वतःच्या तोंडाला काही लावलं तर त्यात कुणाला नवल वाटणार नाही.

"मीच लावलं," बहीण म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"डागाचं काईच नोतं माय," ती म्हणाली. "पन आज हे लपवलं, उद्या काय लपवशीन, कोनाले मालूम."

तिने पाणी मागितलं, हात धुतला, पदराला पुसला. मंडळी उठली. मुलाने दारातून एकदा वळून पाहिलं, मग तोही गेला. बाबा त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेले आणि परत आले ते सरळ बहिणीसमोर उभे राहिले.

"तुले म्या हेच शिकवलं काय?" त्यांनी उभ्या आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. ती उभी राहून ऐकत होती, अर्धा गाल रंगलेला, अर्धा पुसलेला. आई बोलली नाही. मीही बोललो नाही. आईला निदान भीती होती, जन्मभराची. माझ्यापाशी तेवढंही कारण नव्हतं.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पुढच्या शनिवारी घरी आलो तेव्हा बाबा अंगणात सायकल पुसत होते. मी सगळं सांगितलं. हिरवी कांडी, पिवळी माती, आणि आत्याने विचारलं तेव्हा माझी बसलेली दातखीळ. बाबांनी पूर्ण ऐकलं. फडकं पिळून चाकावर वाळत घातलं.

"मले कायले सांगतं?" ते म्हणाले. "त्यायच्या घरी जा आन सांग."

मी गेलो. म्हणजे निघालो. रिसोडहून एस.टी.ने त्या गावच्या फाट्यावर उतरलो, कच्च्या रस्त्याने चालू लागलो. गाव दिसू लागलं, विहिरीवर बायका दिसू लागल्या, त्यातली एक आत्याच आहे असं मला वाटलं. ती आत्या नव्हतीच बहुतेक. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली थांबलो, तोंडावरचा घाम पुसला, काय बोलायचं ते मनाशी दोनदा म्हणून पाहिलं आणि परत फिरलो. बाबांना सांगितलं, घरी कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. बहिणीशी मात्र त्याच संध्याकाळी ते पहिल्यासारखं बोलायला लागले. तिच्या ताटात आपल्या ताटातली भाकर मोडून ठेवली. माफी मागायची त्यांची तेवढीच रीत होती.

बहिणीने त्यानंतर पाहण्याचा कार्यक्रम होऊ दिला नाही. कोर्स संपवला, मानोऱ्याकडच्या एका गावात शाळेवर लागली. तिथली पोरं पहिल्या दिवशी तिला डागाचं विचारायची, दुसऱ्या दिवशी विसरायची, असं ती सांगायची. चार-पाच वर्षांनी तिच्याच शाळेतल्या एका मास्तरांनी बाबांना सरळ पत्र लिहून मागणी घातली. पाहायला येण्याचा प्रश्न नव्हता. ते तिला रोज पाहतच होते. त्या पोस्टातल्या मुलाशी लग्न झालं असतं तर ती जास्त सुखी झाली असती, असं मी म्हणणार नाही. ती सुखात आहे. पण हे तिच्या नशिबाने झालं आणि तिच्या हिमतीने झालं. त्यात माझं काही नाही.

लग्न आमच्या अंगणात होतं, सकाळी. पांढरी साडी नेसून ती मागच्या खोलीत बसली होती. पांढऱ्याशेजारी तांबडं जसं असतं तसंच दिसतं, वाढत नाही, कमी होत नाही. डोळ्यांना लागलेली सवय, मी हे तेव्हाही पाहिलं. गालाला काही लावलेलं नव्हतं. मैत्रिणी बाहेर गेल्या होत्या. मी आत आलो आणि दार लोटून घेतलं.

"त्या दिवशी तू काहून म्हनलं, मीच लावलं म्हनून?"

तिला कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. ती हातातली फुलं सारखी करत राहिली.

"आंधी मी तुह्याकडंच पाह्यलं होतं, दादा," ती म्हणाली. "मले वाटलं, तू बोलशीन. तू जमिनीकडं पाहून राह्यला होता."

मग फुलं मांडीवर ठेवत म्हणाली, "कोनालेतरी तं बोलावं लागत होतं ना."

बाहेर लोक वंदनेला उभे राहिले होते. आईने हाक मारली. बहीण उठली, पदर सावरला आणि माझ्या शेजारून गेली. मी 'माझं चुकलं' एवढं म्हणायला आत आलो होतो. तेही मी बोललो नाही.